घर नेरुळला, नाव घोडबंदरला: मत हलवण्याचा रस्ता

घर नेरुळला गेलं, पण मतदार यादीतलं नाव ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीतच राहिलं, तर १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेच्या मतदानाचा मार्ग असा होता: ट्रान्सहार्बर लोकलने ठाणे, साधारण अर्धा तास, स्टेशनबाहेरून घोडबंदरची बस, मग केंद्राची शोधाशोध. एवढं करून मत पडतं ते ठाण्याच्या नगरसेवकांसाठी. नेरुळच्या पाण्याशी नि कचऱ्याशी त्यांचा काही संबंध नाही.

हा फेरा टाळायचा तर कित्येक महिने आधी निघायला हवं. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी बनवत नाही. एका ठरावीक तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांत फोडतो. या वेळी ती तारीख होती १ जुलै २०२५. निवडणूक जाहीर झाली डिसेंबरात. तेव्हा अर्ज करणाऱ्यांची गाडी केव्हाच सुटली होती. प्रारूप प्रभाग यादीवर हरकत घेता येते, पण ती नाव भलत्याच प्रभागात पडलं किंवा उतरवताना सुटलं, एवढ्यापुरती. नवं नाव तिथे लागत नाही.

घर बदललं असेल तर नमुना ८ भरायचा. नमुना ६ फक्त पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: नव्या पत्त्यावर ६ भरला की जुनं नाव तसंच राहतं आणि दोन ठिकाणी नोंद होते, जी कायद्याला मान्य नाही. संभाव्य दुबार नावांपुढे या वेळी दोन तारे छापले होते. अशा मतदाराला एकाच ठिकाणी मत देणार असल्याचं लिहून द्यावं लागत होतं.

व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन वर किंवा निवडणूक आयोगाच्या ईसीआयनेट ॲपवर (पूर्वीचं व्होटर हेल्पलाइन) मोबाइल नंबर आणि ओटीपीने आत जा. मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाका, निवासस्थान बदलल्याचा पर्याय घ्या, मतदारसंघ बाहेरचा आहे असं सांगा. कासारवडवली विधानसभेच्या १४६ क्रमांकाच्या मतदारसंघात, ओवळा-माजिवड्यात येतं, नेरुळ १५१ बेलापुरात; ऐरोली-घणसोलीला गेलात तर १५० ऐरोली. खारघर, कामोठ्याला सगळे नवी मुंबईच म्हणतात, पण तिथली महापालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड.

पत्त्यात नोडचं, म्हणजे वाशी, नेरुळ अशा उपनगराचं नाव आवर्जून लिहा. सेक्टर १० वाशीतही आहे आणि नेरुळमध्येही. नुसतं ‘सेक्टर १०, नवी मुंबई’ लिहिलं तर बीएलओ, म्हणजे पत्ता तपासायला येणारा केंद्रस्तरीय अधिकारी, तुमच्या दारापर्यंत पोचणार कसा? पुरावा म्हणून वीजबिल, पाणीबिल, आधार, बँकेचं पासबुक चालतं. भाड्याने राहत असाल तर करार नोंदणीकृतच हवा, नुसत्या नोटरीच्या कागदावर भागत नाही. अर्ज गेल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवा आणि नाव प्रत्यक्ष यादीत दिसेपर्यंत तपासत राहा. अडलंच तर १९५० वर फोन करा.

१८ वर्षं पूर्ण होण्याच्या पात्रता तारखा वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झालेली मुलं आगाऊ अर्ज करू शकतात. त्यांच्यासाठी मात्र नमुना ६.

आता केंद्र. विधानसभेला जिथे मत दिलं तेच केंद्र असेल, हे गृहीत धरू नका. प्रभागाप्रमाणे ते बदलतं. आदल्या दिवशी यादीचा भाग क्रमांक आणि त्यातला आपला अनुक्रमांक लिहून ठेवा, कारण मोबाइल केंद्रात नेता येत नाही. मतदार ओळखपत्र नसलं तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना चालतो. पण यादीत नावच नसेल तर खिशात ओळखपत्र असूनही मत देता येत नाही.

मुंबईत एकच मत असतं. ठाण्यात ३३ प्रभागांत १३१ जागा, नवी मुंबईत २८ प्रभागांत १११. दोन्हीकडे एक प्रभाग तीन जागांचा, बाकी सगळे चारचे. म्हणजे बहुतेकांना चार मतं द्यायची: अ, ब, क आणि ड, प्रत्येक जागेला एक. एक बटण दाबलं, दिवा लागला आणि माणूस निघाला, ही इथली नेहमीची चूक. शेवटच्या जागेचं मत झाल्यावरच लांब बीप वाजतो, तोवर जागचं हलू नका. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर त्या जागेचं नोटा, म्हणजे ‘यापैकी कोणी नाही’चं बटण दाबा. कोणाला मत पडलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी या निवडणुकीत नसते, तिची वाट पाहू नका.

मतदानाची वेळ या खेपेला सकाळी ७.३० ते सायंकाळी ५.३० होती.