टिकलीचं अडकलेलं अंडं आणि वनखात्याचं पत्र

‘वनखात्याचं पत्र आणा, मग केसपेपर काढतो.’ आजारी पक्षी घेऊन सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेले तेव्हा हे वाक्य ऐकलं. त्याला बरेच महिने झाले, पण माझा राग गेलेला नाही. कॉकटेल, लव्हबर्ड, बजरी असे छोटे विदेशी पोपट पाळणारी घरं आता जळगाव-भुसावळपुरती राहिलेली नाहीत, तालुक्याच्या गावांतही गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या कुणावर अशी वेळ आली तर उपयोग व्हावा म्हणून लिहितेय.

आमची टिकली कॉकटेल जातीची मादी. गालांवर नारिंगी ठिपके, म्हणून टिकली. जानेवारीचे दिवस होते, तापीकाठच्या केळीवाल्यांनी थंडीचा धसका घेतला होता. सकाळी पिंजऱ्यावरची चादर काढली तर ती दांडीवर नव्हती. खाली तळाशी कापसाच्या बोंडासारखी फुगून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, प्रत्येक श्वासाला शेपूट खालीवर होत होतं, आणि मधूनच ती कुंथत होती.

पक्षी दुखणं लपवतात. रानात अशक्त दिसणाऱ्यावर आधी झडप पडते, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत ते धडधाकट असल्यासारखे वागतात. तळाशी येऊन बसलेला पक्षी बराच आधीपासून आजारी असतो. कॉकटेलचं वजन साधारण 80 ते 100 ग्रॅम. एवढ्याशा जिवाकडे दोन दिवस वाट बघण्याइतकी शिल्लक नसते.

शेजारचे आप्पा आले. ‘पोपटले काय व्हयनं वं ताई?’ म्हणाले आणि एरंडेल तेल सुचवून गेले. त्यांची माया खरी होती, पण तेल लावलं नाही. चोचीत पाणीही ओतलं नाही, कारण ते श्वासनलिकेत गेलं तर पक्षी तिथेच दगावतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात टॉवेल घातला, एका बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवली आणि दुसरी बाजू मोकळी सोडली, म्हणजे उकडलं तर तिला सरकता येईल. खोक्यात 30 अंशांच्या आसपास ऊब हवी. बल्ब लावणार असाल तर जुना पिवळा लावा, एलईडीने ऊब येत नाही. खोकं घेऊन आम्ही सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

साहेब लसीकरणाला खेड्यावर गेले होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढी गुरंढोरं आणि एक डॉक्टर, तो माणूस तरी किती ठिकाणी पुरणार? तक्रार खिडकीवरच्या माणसाबद्दल आहे. त्याने खोक्यात डोकावूनही पाहिलं नाही. ‘ताई, पोपट वन्यजीवात येतो. पत्र लागेल.’

मी म्हटलं, ‘दादा, हा आपल्याकडचा हिरवा पोपट नाही. हा कॉकटेल आहे, मूळचा ऑस्ट्रेलियातला.’

‘पोपट तो पोपट.’

मी समजावून सांगितलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला बंदी आहे, आणि ती असलीच पाहिजे. कॉकटेलला ती लागू होत नाही. दुकानाचं बिल मोबाईलमध्ये होतं, ते दाखवलं. तो म्हणाला, बिलावर शिक्का नाही. केसपेपरच्या वहीत कोंबडीचा रकाना होता. मी म्हटलं, त्यात लिहा, तिच्याही पोटात अंडंच असावं. त्याने वही मिटली आणि म्हणाला, ‘साहेब आल्यावर बघू.’ साहेब कधी येणार? ‘सांगता येत नाही.’

ह्यांनी वनखात्याच्या कार्यालयात फोन लावला. तिकडचा माणूस नीट बोलला. विदेशी पक्षी आहे, आमचं पत्र कशाला हवं, आधी औषध करा, म्हणाला. ह्यांनी स्पीकर चालू करून फोन खिडकीपाशी धरला. ‘तोंडी चालत नाही, लेखी आणा.’ वनखातं म्हणतं पत्र लागत नाही, आणि पत्र लागत नाही याचं पत्र आम्ही आणायचं! समोरचं दार सताड उघडं, गार वारा थेट बाकड्यावर येत होता. मी पदराने खोकं झाकून बसले होते. आत टिकली कुंथायचीही थांबली होती. मध्येच एक शेळी आली, तिचा केसपेपर निघाला, तिला कंपाउंडरने गोळ्या दिल्या, ती गेली. आम्ही तिथेच.

मी आवाज चढवला. त्याची मला आजही खंत नाही. समजा तो देशी पोपट असता, तरी तडफडणाऱ्या जिवाला आधी ऊब द्यायची, औषध द्यायचं आणि मग वनखात्याला कळवायचं, एवढं जनावरांच्या दवाखान्यात बसणाऱ्याला कळायला हवं. नंतर मी याबद्दल लेखी अर्ज दिला. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर आलेलं नाही.

शेवटी माझ्या भाच्याने जळगावच्या एका खासगी डॉक्टरांचा नंबर मिळवला. त्यांनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ मागवला, बघितला आणि म्हणाले, ‘अंडं अडकल्यासारखं दिसतंय. पोट अजिबात दाबू नका, ऊब तुटू देऊ नका, निघा.’ दिरांनी गाडी काढली.

पुढचं सगळं सरळ झालं. एक्स-रेमध्ये अंडं स्पष्ट दिसलं. कॅल्शियमचं इंजेक्शन, कातडीखाली सलाईन, उबदार पेटी, आणि संध्याकाळपर्यंत अंडं बाहेर. ती मान वर करून शीळ घालायला लागली तेव्हा मला रडू आवरलं नाही.

नर नसताना अंडं कसं, असं सगळे विचारतात. कोंबडीसारखंच, मादी नराशिवायही अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लू होत नाही. अंडं अडकण्यामागे बहुतेकदा कॅल्शियमची कमतरता असते. कवच नीट धरत नाही, शिवाय अंडं पुढे ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियम लागतं. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्यांना हा धोका जास्त, आणि थंडीत आणखी वाढतो. अंडं हाताने दाबून काढायला गेलात तर ते आत फुटतं आणि मादी जाते.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याचं हाड, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, तो पिंजऱ्याला बांधा. शेवग्याची पानं, मेथी, कवचासकट कुस्करलेलं उकडलेलं अंडं द्या. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. कोवळं ऊन अंगणात दाखवा. काचेतून आलेल्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण नसतात.

कागदांचं सांगायचं राहिलं. कॉकटेल, बजरी आणि गुलाबी चेहऱ्याचे लव्हबर्ड ‘साइट्स’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत नाहीत. आफ्रिकन ग्रे, सन कोन्युर, मकाव हे विदेशी पोपट त्यांत आहेत, आणि 2024 च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ते घरात असतील तर नोंदणीचा कागद आणि बिल दोन्ही मोबाईलमध्ये ठेवा. कॉकटेलवाल्यांनीही शिक्क्याचं बिल मागून घ्या.

आणि डॉक्टर आधीच शोधा. पक्षी ठणठणीत असतानाच चार ठिकाणी फोन करून विचारा, ‘पक्षी बघता का? एक्स-रे आहे का?’ कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी हाताळत नाहीत. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या, रोज सकाळी खाण्याआधी वजन करा. दहा टक्के उतरलं तर फोन करायचा, लक्षणांची वाट बघायची नाही.

आमच्याकडे भरीत पार्ट्यांत पक्ष्याला घास भरवायची हौस असते. कांदा, लसूण, मीठ त्यांना बाधतं, भरीत देऊ नका. रिकामा नॉनस्टिक तवा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की चोच उघडी, पंख अंगापासून दूर दिसतील. तेव्हा सावलीत न्या, पायांवर साधं पाणी शिंपडा, बर्फाचं नको.

अंडी थांबवायची असतील तर संध्याकाळी लवकर अंधार करा, बारा-चौदा तासांची रात्र मिळू द्या, खोकी-कोनाडे काढून टाका, पाठीवरून हात फिरवू नका. घातलेली अंडी लगेच उचलू नका. उचलली की ती भरपाईला पुन्हा घालते. ती स्वतः दुर्लक्ष करायला लागली की मगच काढा.