कर्लीच्या मुखावरचा जिताडा आणि गळाच्या सामानाची तयारी

दिवाळी सरली की कर्ली नदीचे गढूळ पाणी निवळते, पहाटे मतलई वारा सुटतो आणि देवबागच्या टोकाला नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी जिताडा, तांबोशी आणि कोकर गळाला लागण्याची आशा धरता येते. याच दिवसांत आम्ही दोघे मित्र मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागला गेलो आणि तेथील एका अनुभवी तांडेलांच्या होडीतून भोगव्याच्या बाजूचे खडक, तिवरांच्या कडा आणि मुखाजवळची खोल धार अशा जागांवर गळ टाकला. लागलेला मोठा मासा हातचा जातो, त्याची कारणे बहुतेक वेळा घरी सामान भरतानाच निर्माण झालेली असतात. म्हणून या वृत्तांतात जागांपेक्षा सामानाविषयी अधिक लिहीत आहे.

खाडीतला मोठा मासा खुल्या समुद्रातल्या सुरमईसारखा लांब धाव घेत नाही. गरी रुतताच तो पहिल्या काही क्षणांत खडकाच्या कपारीत किंवा तिवरांच्या मुळांत शिरतो, आणि त्या खडकांवर कालवे, म्हणजे धारदार कवचाचे शिंपले, चिकटलेले असतात. विणलेली, म्हणजे ब्रेडेड, दोरी सरळ ताण उत्तम सोसते, पण ताणलेल्या अवस्थेत कालवाच्या धारेला लागली की तटकन तुटते. जिताड्याला कापणारे दात नसले तरी त्याच्या कल्ल्यांची झाकणे धारदार असतात आणि तोंड कानशीसारखे खरखरीत असते. तांबोशीला तर सुळेच असतात. त्यामुळे दोरीपुढे जाड लीडर, म्हणजे दोरी आणि गरी यांच्यामधला घासणे सोसणारा धागा, अनिवार्य आहे. आम्ही १८ किलो क्षमतेच्या ब्रेडेड दोरीला २७ किलो क्षमतेचा, सुमारे दीड मीटर लांबीचा फ्लुरोकार्बन लीडर जोडला होता. सुरमईच्या मागे जाणाऱ्यांनी मात्र त्यापुढे वीतभर तार लावावी, कारण तिच्या दातांपुढे नायलॉन टिकत नाही.

रिळावर दोरी भरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. ब्रेडेड दोरी गुळगुळीत रिळावर थेट गुंडाळली तर ताण येताच सगळी गुंडाळी रिळावर गरगर फिरते. म्हणून तळाशी साध्या नायलॉनचे काही वेढे आधी घ्यावेत. दुसरे म्हणजे दोरी ओल्या फडक्यातून दाबून, ताण देऊन भरावी. सैल भरलेली दोरी मोठ्या माशाच्या ओढीने खालच्या वेढ्यांत रुतते, अडकते आणि त्या झटक्यातच तुटते.

दोरी आणि लीडर यांच्या जोडासाठी एफजी गाठ मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. ती बारीक असल्यामुळे रॉडच्या कड्यांतून विनाअडथळा सरकते. मात्र ती हलत्या होडीत, वाऱ्यात बांधणे कठीण असल्याने घरी निवांत बसून बांधावी, लीडरभोवती दोरीचे वेढे वीसच्या आसपास घ्यावेत, आवळण्यापूर्वी गाठ ओली करावी आणि हाताला फडके गुंडाळून पूर्ण जोराने ओढून पाहावी. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने तापते आणि तेथेच लीडर दुबळा होतो. आमचे तांडेल आमच्या गाठी बोटाने चाचपून पाहत म्हणाले, “दोरी कितीय घट घेतलास, तरी गाठ ढिली आसली तर मासो गेलोच.”

त्याच सकाळी खडकालगत माझ्या मित्राला लागलेला मासा गेला, तो गाठीमुळे नव्हे, गरीमुळे. त्याचा लूर, म्हणजे माशासारखे दिसणारे नकली आमिष, गोड्या पाण्यातल्या माशांसाठी बनवलेला होता आणि त्यावरच्या ट्रेबल, म्हणजे तीन टोकांच्या, गऱ्या बारीक तारेच्या होत्या. लूर परत आला तेव्हा त्यातील एक जवळजवळ सरळ झालेली होती. अशा गऱ्या आणि त्यांना धरणारी कडी बदलून जाड तारेच्या, खाऱ्या पाण्यासाठीच्या बसवाव्यात. वजन वाढल्याने काही लूर तरंगायचे सोडून बुडू लागतात किंवा त्यांची चाल बिघडते, म्हणून बदल केल्यावर बादलीत किंवा किनाऱ्यालगत त्यांची परीक्षा घ्यावी. ट्रेबलऐवजी एकेरी गरी लावणे मला अधिक पसंत आहे, कारण ती घट्ट रुतते आणि मासा सोडायचा असेल तर त्याला इजा कमी होते.

ड्रॅगकडे, म्हणजे ठरावीक ओढीनंतर दोरी सुटू देणाऱ्या रिळाच्या ब्रेककडे, मात्र सर्वाधिक दुर्लक्ष होते. तो बोटाच्या अंदाजाने लावू नये. रॉड वाकवून धरावा, दोरीच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवावा आणि दोरी सुटू लागते तेव्हाचा आकडा वाचावा. साखळीतला सर्वांत दुबळा दुवा किती ताण सोसतो त्याच्या पाव ते एक तृतीयांश इतका ड्रॅग योग्य ठरतो. आमच्या दोरीला तो साडेचार ते सहा किलो येतो आणि आम्ही तो पाच किलोवर ठेवला होता. मासा बरीच दोरी घेऊन गेला की रिळावरील गुंडाळीचा व्यास कमी होतो आणि बटण न फिरवताही ड्रॅग आपोआप कडक होतो, शिवाय पाण्यात पसरलेली दोरीही ओढ वाढवते. अशा वेळी बटण आवळणे म्हणजे मासा गमावणे, ते किंचित सैलच करावे.

ओहोटीच्या शेवटच्या टप्प्यात, तिवरांतल्या नाळीतून बारीक मासळी बाहेर पडत असताना, मला सुमारे सात किलोचा जिताडा लागला. तांडेलांनी लगेच होडी खडकापासून खोल पाण्याकडे वळवली. मोठा मासा मिळण्यात या एका कृतीचा वाटा फार मोठा असतो, म्हणून तिच्याविषयी आधीच बोलून ठेवावे. जिताडा पाण्याबाहेर उसळून डोके झटकतो, त्या वेळी रॉडचे टोक खाली ठेवून दोरी ताणलेली राखली. होडीजवळ तो अखेरची धाव घेणार हे गृहीत धरून ड्रॅग थोडा सैल केला आणि जाळे त्याच्या डोक्याकडून घातले. जिताडा नर म्हणून वाढतो आणि पुढे मादी होतो, त्यामुळे मोठे मासे बहुधा माद्या असतात. आम्ही तो पाण्यात धरून सावरू दिला आणि सोडला. त्यानंतर लीडर बोटांतून फिरवला तेव्हा गरीजवळचा वीतभर भाग खरखरीत लागला. तेवढा कापून गरी नव्याने बांधली. हे प्रत्येक माशानंतर करावे.

जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून बेत आखावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुखाशी धार इतकी जोरात असते की लूर जागेवर राहत नाही. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याच्या, दिवसांत काम सोपे होते. लाइफ जॅकेट घालावे आणि मुखावरच्या फुटणाऱ्या लाटांबाबत तांडेलांचाच शब्द अखेरचा मानावा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे, तेथे गळ टाकू नये. निघण्यापूर्वी कापसाचा बोळा रॉडच्या प्रत्येक कड्यातून फिरवावा. तंतू अडकले तर कड्याला तडा आहे आणि तो दोरी कापणार, हे समजावे. परतल्यावर ड्रॅग आवळून रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावे, पुसावे आणि वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावा, म्हणजे आतल्या चकत्या दबून चिकटत नाहीत.