कडकड आणि गडगड: ध्वनी-अर्थ नोंदवही, ‘-ड-’ साचा पूर्ण

मराठीतल्या अनुकरणवाचक (आवाजाची नक्कल करणाऱ्या) शब्दांत ध्वनी आणि अर्थ यांचं नातं शोधणारी ही नोंदवही. या टप्प्यात ‘-ड-’ साच्यातले शब्द वेगळे काढून झाले: कडकड, खडखड, गडगड, तडतड, थडथड, धडधड, फडफड, बडबड, भडभड. स्वर तोच, दुसरं व्यंजन तेच, बदलतं फक्त पहिलं. ध्वनीचा अर्थाशी संबंध तपासायला इतका चोख साचा सहसा हाती लागत नाही. पळापळ, धावाधाव हे क्रियापदावरून आलेले आणि पुस्तकबिस्तक छापाचे शब्द यादीतून काढले आहेत. ते दिसायला अनुकरणवाचकांसारखे असले तरी त्यांची घडण वेगळी आहे.

सगळ्यात बोलकी जोडी कडकड–गडगड. वीज कडकडते, ढग गडगडतात. क आणि ग यांची तोंडातली जागा एकच, फरक घोषाचा, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपाचा. ‘प्राट’ या ध्वनी-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचा आलेख) ० ते ५००० हर्ट्झ आणि विंडो ०.००५ सेकंद ठेवून पाहा. ग फुटण्याआधीच तळाशी गडद पट्टी दिसते, कारण जीभ मागे टेकलेली असतानाच स्वरतंतू कंप पावू लागलेले असतात. क-आधी कोरी जागा आणि मग एकदम उभी रेघ. जवळच्या विजेचा आवाजही असाच धारदार सुरू होतो. दुरून येणाऱ्या आवाजातल्या वरच्या कंप्रता वाटेत हवेत विरतात आणि खालची घरघर तेवढी पोचते. या जोडीइतकं नेमकं उदाहरण यादीत दुसरं नाही.

तडतड–धडधड ही जोडी मोह पाडते, पण तिथे घोष आणि महाप्राण (उच्चारासोबत जोरात सुटणारा श्वास) दोन्ही बदलतात. पुरावा म्हणून ती बाद. त्याऐवजी थडथड–धडधड घ्या, तिथे घोषच बदलतो. बडबड मात्र ‘सघोष व्यंजन म्हणजे भारदस्त आवाज’ या नियमात बसत नाही: ब सघोष असूनही अर्थात भारदस्तपणा नाही. असे अपवाद यादीतच ठेवावेत. सोयीचे तेवढे शब्द वेचले की कुठलाही सिद्धांत खरा ठरतो.

दुसऱ्या व्यंजनाचं कामही दिसू लागलंय. ण असेल तर नाद रेंगाळतो (खणखण, टणटण), कारण तोंड बंद असतानाही नाकातून आवाज चालूच राहतो. ळ म्हणताना हवा जिभेच्या बाजूंनी न अडता वाहते: खळखळ, झुळझुळ, भळभळ. पण मळमळ, तळमळ, हळहळ यांत पाणी नाही, पोटातली नाहीतर मनातली कालवाकालव आहे. हा गट स्वतंत्र मांडायला हवा.

स्वरांची तुलना करणाऱ्यांनी च, ज, झ टाळावेत. चिमट्यातला च आणि चमच्यातला च वेगळे आहेत. स्वर बदलायला गेलात की व्यंजनही नकळत बदलतं.

ध्वनिमुद्रण ४४,१०० हर्ट्झ, मोनो, वेव्ह फाइल. सुटा शब्द म्हणायला सांगितला की बोलणारा अभिनय करतो, ‘गडगड’ हमखास खोल आवाजात येतो. म्हणून ‘आता … असं लिही’ या वाक्यात शब्द बसवा, मध्ये साधे शब्द मिसळा आणि नंतर सगळ्यांची तीव्रता ७० डेसिबलवर आणा.

ध्वनीवरून अर्थ ओळखायला लावणाऱ्या चाचणीला खरे शब्द चालत नाहीत, अर्थ आधीच ठाऊक असतो. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीरने १९२९ मध्ये ‘मिल’ आणि ‘माल’ यांतला कुठला शब्द लहान वस्तूचा, कुठला मोठ्या वस्तूचा, असं विचारलं होतं. मराठीत हे दोन्ही शब्द नांदते आहेत, तेव्हा ‘निफ–नाफ’सारखी जोडी बरी. २०२२ मध्ये २५ भाषांच्या ९१७ भाषकांवर झालेल्या बूबा-किकी चाचणीत (गोल आणि टोकदार आकारांपैकी बूबा कुठला, किकी कुठला, असं विचारणाऱ्या) सरासरी ७२ टक्के उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. म्हणजे कल स्पष्ट आहे, पण सक्ती नाही. आपल्याकडे दोनांतून एक निवडणारे २० ऐकणारे असतील तर १४ अपेक्षित उत्तरं पुरेशी धरू नयेत, कारण तेवढी किंवा त्याहून जास्त योगायोगाने येण्याची शक्यता जवळपास ६ टक्के असते. १५ला ती २ टक्क्यांवर उतरते.

शब्द लिहून दाखवू नका, फक्त ऐकवा. देवनागरीत ठ जवळजवळ पूर्ण वर्तुळ आहे आणि आवाज मात्र ठोकल्यासारखा. गोल की टोकदार असं विचारलं तर उत्तर कानाचं आलं की डोळ्याचं, हे कळायला मार्गच उरत नाही.

पुढे खणखण–घणघण घेणार. किणकिण त्यात नाही, तिथे स्वर आणि महाप्राण दोन्ही हलतात. त्यानंतर दुखण्याचे शब्द: ठसठस, चुरचुर, हुळहुळ.