शेजाऱ्यावरच्या संशयाच्या कथा: वाचनाची नोंद, हायस्मिथपर्यंत

ज्या मानसशास्त्रीय रहस्यकथा संथपणे चढत जातात आणि ज्यांत संशयाचा रोख शेजाऱ्यावर असतो, त्या एकेक करून वाचायच्या आणि प्रत्येकीसाठी वहीत दोन रकाने आखायचे, असा हा उपक्रम आहे. डाव्या रकान्यात पाहणाऱ्याला जे दिसले किंवा ऐकू आले ते उतरवायचे आणि उजव्या रकान्यात त्याच गोष्टीचा अगदी साधा, निरुपद्रवी अर्थ लिहायचा. उजवा रकाना जोवर प्रामाणिकपणे भरता येतो तोवरच कथेतला ताण टिकतो, हे माझे मत आता पक्के झाले आहे. (पुढे कथानके उघड होतील, ज्यांना ती कोऱ्या मनाने वाचायची आहेत त्यांनी आधी वाचून मगच इकडे वळावे.)

कॉर्नेल वूलरिच यांची ‘इट हॅड टू बी मर्डर’ ही कथा १९४२ साली ‘डाइम डिटेक्टिव्ह’ या मासिकात आली आणि तिच्यावरून हिचकॉक यांनी १९५४ मध्ये ‘रिअर विंडो’ केला. चित्रपटात नायकाचा प्लॅस्टरमधला पाय सुरुवातीलाच दिसतो. मूळ कथेत मात्र आपल्या हालचाली सध्या मर्यादित आहेत, पलंग ते खिडकी एवढेच जाता येते, इतकेच तो सांगतो आणि त्याचे कारण शेवटी डॉक्टर प्लॅस्टर काढायची गोष्ट काढतात तेव्हा कळते. त्यामुळे पत्नीच्या खुनाचा संशय ज्याच्यावर आहे त्या समोरच्या थॉरवाल्डइतकाच दिवसभर लोकांच्या घरांत डोकावणारा हा निवेदकही आपल्याला खटकत राहतो, आणि मला ही योजना चित्रपटातल्यापेक्षा सरस वाटते. उलगडाही तितकाच बारीक आहे: एकावर एक असलेल्या दोन फ्लॅटांत दोन माणसे एकाच वेळी खोल्यांतून फिरत असताना त्यांच्या हालचालींत कुठेतरी किंचित विसंगती दिसते, आणि ती दिसल्यानंतर बऱ्याच वेळाने निवेदकाच्या लक्षात येते की दुरुस्ती चाललेल्या वरच्या फ्लॅटची जमीन उंच झाली आहे, म्हणजे प्रेत तिच्याखाली आहे.

आयरा लेव्हिन यांच्या ‘रोझमेरीज बेबी’ (१९६७) मध्ये उजवा रकाना वाचकाला भरावाच लागत नाही, कारण तो इतर पात्रे भरून देतात. शेजारीण मिनी कॅस्टेव्हेट हिने आणून दिलेल्या चॉकलेट मूसला रोझमेरीला खडूसारखी चव लागते, आणि नवरा तिला तसे काहीच नसल्याचे पटवतो. गरोदरपणात वेदना थांबत नाहीत तेव्हा डॉक्टर लवकरच बरे वाटेल असे सांगत राहतात. शेजार, नवरा आणि वैद्य हे तिघे मिळून एका बाईच्या शंकेला शहाणपणाने गप्प करतात, आणि भीती नेमकी त्या समजूतदार आवाजांत आहे. लेव्हिन यांनी त्यात खऱ्या बातम्याही ओवल्या आहेत; कादंबरीतली निर्णायक रात्र पोप सहावे पॉल न्यूयॉर्कला आले त्या दिवसाची, म्हणजे ४ ऑक्टोबर १९६५ ची आहे. रोजच्या वर्तमानपत्राने असा पाया दिला की पुढची अतर्क्य गोष्टही वाचक पचवतो.

या टप्प्यात पॅट्रिशिया हायस्मिथ यांची ‘अ सस्पेन्शन ऑफ मर्सी’ (१९६५) पूर्ण झाली, आणि तिने माझे रकानेच उलटे केले. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात राहणारा अमेरिकन लेखक सिडनी बार्टल्बी, पत्नी घर सोडून गेल्यावर, आपण तिचा खून केला असता तर काय वाटले असते हे अनुभवण्यासाठी पहाटे जुना गालिचा गुंडाळून खांद्यावरून गाडीकडे नेतो आणि रानात पुरून येतो. शेजारच्या वयस्क मिसेस लिलीबँक्स यांच्या ते दृष्टीस पडते. इथे निरुपद्रवी अर्थच खरा आहे, वाचकाला तो पहिल्यापासून ठाऊक आहे, आणि तरीही तो सांगितला तर कोणी विश्वास ठेवणार नाही, या जाणिवेने पान उलटताना हात जड होतो. सिडनीने खुनी माणसाच्या भूमिकेतून लिहिलेली टिपणवही हे त्यातले माझे सर्वांत आवडते साधन आहे: काल्पनिक लेखन म्हणून निर्दोष आणि पोलिसांच्या हाती पडले तर कबुलीजबाब.

मिसेस लिलीबँक्स यांच्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. भोचक शेजारीण रंगवणे सोपे होते, पण हायस्मिथ यांनी त्यांना चित्रे काढणारी, हृदयविकार असलेली, सिडनी आणि त्याच्या पत्नीविषयी मनापासून आस्था असलेली बाई केले आहे. आपण पाहिले ते कोणाला सांगावे की नाही याचा त्या कितीतरी काळ विचार करतात, आणि म्हणूनच त्यांचा संशय वाचकाला डावलता येत नाही. चांगल्या माणसाने घेतलेला संशय हा वाईट माणसाने पसरवलेल्या अफवेपेक्षा कितीतरी घातक ठरतो.

याचा थेट उपयोग मी लिहीत असलेल्या दीर्घकथेत झाला आहे. गिरगावातल्या चाळीत एकट्या राहणाऱ्या गृहस्थांच्या दाराला रोज सकाळी दुधाच्या दोन पिशव्या लटकतात, हा डाव्या रकान्यातला पहिला मुद्दा होता आणि समोरच्या काकू त्यावरून गॅलरीत कुजबुज करत होत्या. आता काकू स्वतःच ‘भाऊ, एवढ्या दुधाचं करता काय हो?’ असे सरळ विचारतात, भाऊ ‘विरजण लावतो’ म्हणतात आणि संध्याकाळी वाटीभर दही खरोखरच काकूंच्या घरी पोहोचवतात. दही चांगले लागलेले असते. काकूंचे समाधान होते, वाचकाचे होत नाही, आणि पुढची तीन प्रकरणे मला या फरकावरच उभी करायची आहेत.

यानंतर रोलां तोपोर यांची १९६४ सालची फ्रेंच कादंबरी इंग्रजी अनुवादातून घेणार आहे. तिच्यात पॅरिसमधल्या इमारतीत आलेल्या नव्या भाडेकरूला सगळे शेजारी आपल्या विरुद्ध कट करत आहेत असे वाटू लागते, त्यामुळे दोन्ही रकाने एकाच माणसाच्या डोक्यात भरायचे आहेत. ज्यांनी ती वाचली आहे त्यांनी शेवट न फोडता एवढेच कळवावे की उजवा रकाना कोणत्या प्रकरणापर्यंत भरता आला.