जोड कुणाशी होती ते सांग

रविवारी सकाळी इंदूरच्या राजवाड्याकडे पोहे-जिलबी खायला गेलो होतो, मी, माझा भाचा आणि आप्पाकाका. भाचा एकोणीस वर्षांचा, इंजिनियरिंग करतोय असं घरी सगळे समजतात, खरं म्हणजे दिवसभर मोबाइलवर जुन्या बॉक्सिंग फाइट्स बघत पडलेला असतो. पोह्यांवर जीरावन भुरभुरत त्यानी सुरू केलं, मामा, मेवेदरच सगळ्यात ग्रेट, पन्नास फाइट, पन्नास जिंकल्या, हार झीरो, आता बोला.

आप्पाकाकांनी आयुष्यात बॉक्सिंगची एक अख्खी फाइट बघितली नसेल, पण तरुणपणी आखाड्यात माती अंगाला लावलेला माणूस. त्यांनी शेव तोंडात टाकत एवढंच विचारलं, "ते ठीक आहे रे, पण जोड कुणाशी होती?"

ज्यांनी दंगल बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कुणाची कुस्ती कुणाशी लावायची, ती जोड. तोलाची जोड लागली की लोक दुपारपासून जागा धरून बसतात, आणि आपल्या पठ्ठ्याचं नुसतं नाव करायचं असलं तर समोर उतरतीला लागलेला एखादा नावाजलेला पैलवान आणून उभा करतात. आता नाव मोठं पण गुडघे गेलेले, मग दोन मिनिटांत चीतपट आणि वर फेटा. बॉक्सिंगमध्ये हेच काम सूट घालून करतात, प्रमोटर म्हणतात त्याला.

मला हा प्रश्न आवडला कारण मी स्वतः कितीतरी वर्षं हेवीवेट चॅम्पियन रॉकी मार्सियानोचा ४९-० असा, म्हणजे ४९ जिंकल्या आणि हार एकही नाही असा रेकॉर्ड देवासारखा पुजत होतो. मग एकदा बसून त्यानी हरवलेल्या लोकांची वयं बघितली. जुना चॅम्पियन जो लुई १९५१ मध्ये ३७ वर्षांचा. वॉलकॉट १९५२ मध्ये ३८ चा. आर्ची मूर १९५५ मध्ये ३८ चा का ४१ चा यावर अजून वाद आहे, त्याच्या जन्माची दोन वर्षं सांगितली जातात. म्हणलं अरे हे तर सगळे आजोबा आहेत, आणि काही महिने मी मार्सियानोला शिव्या घालत फिरलो.

पण वय बघून निकाल लावणं हाही आळसच आहे हे नंतर कळलं. खरी गोष्ट कळते ती हरलेल्या माणसानी पुढे काय केलं त्यातून. आता बघा, लुई त्या रात्री आठव्या राउंडमध्ये दोऱ्यांतून बाहेर पडला आणि त्यानंतर पुन्हा कधी रिंगमध्ये उतरला नाही. म्हणजे मार्सियानोनी जो लुईला नाही हरवलं, टॅक्सच्या कर्जापायी परत आलेल्या एका थकलेल्या माणसाला हरवलं. आणि मूर? वय साधारण तेवढंच, उलट थोडं जास्तच, त्यानी दुसऱ्या राउंडमध्ये मार्सियानोला खाली पाडलं, मग नवव्यात स्वतः संपला, पण त्यानंतरही तो कित्येक वर्षं लाइट हेवीवेटचा चॅम्पियन राहिला, १९५८ ला मॉन्ट्रियलमध्ये ड्यूरेलनी त्याला चार वेळा पाडलं तरी उठून अकराव्या राउंडमध्ये त्यालाच झोपवलं. म्हणजे मार्सियानोसमोर उभा होता तो मूर खरा होता. वॉलकॉट तर त्या रात्री जजेसच्या कार्डांवर पुढे होता, पहिल्याच राउंडमध्ये त्यानी रॉकीला पाडलेलं, तेराव्यात तो एक उजवा बसला नसता तर ४९-० कुठला. एका कागदावर शेजारी शेजारी लिहिलेली नावं, एकाची किंमत रुपया आणि एकाची चार आणे.

ही कसोटी मी टायसनला लावून बघितली. त्यानी जानेवारी १९८८ मध्ये लॅरी होम्सला चौथ्या राउंडमध्ये झोपवलं तेव्हा सगळे म्हणाले होम्स ३८ चा, दोनएक वर्षं घरी बसलेला, यात काय मोठं. बरोबर वाटतं. पण हाच होम्स १९९२ मध्ये, ४२ व्या वर्षी, तोपर्यंत न हरलेल्या रे मर्सरला बॉक्सिंग शिकवून गेला आणि त्याच वर्षी होलीफिल्डबरोबर टायटलसाठी पूर्ण बारा राउंड उभा राहिला. पंचाहत्तर फाइट्समध्ये होम्सला थांबवू शकला तो टायसन एकटाच. टायसनचा हा विजय मी आता त्यानी स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं त्यापेक्षा वरचा धरतो, तुम्हाला पटो न पटो. आणि गंमत म्हणजे याच होम्सनी १९८० मध्ये अलीला हरवलं ते कुणीच मोजत नाही, होम्स स्वतः पण त्याचा आनंद करत नसे, कारण अली त्या रात्री उरलेलाच नव्हता.

अलीचं म्हणाल तर किन्शासा, १९७४. समोर फोरमन, २५ वर्षांचा, ४० पैकी ४० जिंकलेला. आणि तो नुसता जिंकलेला नव्हता, अलीला हरवणारे दोन लोक होते, फ्रेझियर आणि नॉर्टन, त्या दोघांना फोरमननी दोन-दोन राउंडमध्ये उडवलेलं, फ्रेझियरला तर सहा वेळा पाडून. आणि पुढचं बघायचं तर हाच फोरमन वीस वर्षांनी, १९९४ मध्ये, ४५ व्या वर्षी परत वर्ल्ड चॅम्पियन झाला. याला म्हणतात जोड! अलीच्या खात्यात पाच हारी आहेत, मला त्या दिसतच नाहीत.

आप्पाकाकांना हे सगळं सांगितल्यावर ते लगेच गामावर आले, येणारच होते. गामानी १९२८ ला पतियाळ्याला झबिस्को नावाच्या पोलिश पैलवानाला मिनिटभरात पाडलं ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक पिढीनी ऐकलीये. काका स्वतःच म्हणाले, "अरे तेव्हा झबिस्को पन्नाशीला टेकला होता. १९१० ला लंडनमध्ये बरोबरीत सुटली ना, ती खरी. तेव्हा तो भरात होता, दोन-अडीच तास जमिनीला चिकटून पडून राहिला पण उलटला नाही." माझ्या एवढ्या लांब भाषणाचं सार काकांनी एका कुस्तीत सांगून टाकलं, आणि वर माझ्याच प्लेटमधली जिलबी घेतली.

आपल्याकडचं एक उदाहरण देतो. विजेंदर सिंग प्रोफेशनल झाला आणि ओळीनी बारा फाइट जिंकला, पेपरात फोटो, टीव्हीवर लाइव्ह, मग २०२१ ला गोव्यात पहिली हार. त्या बारांपेक्षा मला २००८ ची बीजिंगची एक क्वार्टर फायनल मोठी वाटते, इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराला ९-४. तेव्हा गोंगोरा कोण ते आपल्याला काय माहीत, आपण मेडल पक्कं झालं म्हणून पेढे वाटले. पण तोच गोंगोरा २०२० मध्ये प्रोफेशनलमध्ये आयबीओ या बॉक्सिंग संघटनेचा सुपर मिडलवेट चॅम्पियन झाला. म्हणजे विजेंदरचा तो विजय बारा वर्षांनी महाग झाला, इंदूरमधल्या प्लॉटसारखा.

एवढं झाल्यावर भाचा गप्प बसेल असं मला वाटलं, पण पोरगं माझीच कसोटी माझ्यावर उलटवून गेलं. मामा, मेवेदरनी कॅनेलोला हरवलं तेव्हा तो २३ चा होता, पुढे तोच २०२१ मध्ये सुपर मिडलवेटचे सगळे बेल्ट घेऊन बसला. आणि पॅकियाओला २०१५ मध्ये हरवलं, तुम्ही म्हणता तो म्हातारा झालेला, मग २०१९ मध्ये ४० व्या वर्षी त्यानी न हरलेल्या थर्मनला कसं हरवलं?

बरोबर आहे की. मी म्हणलं कॅनेलो तेव्हा कच्ची कैरी होता आणि वर त्याला १५४ ऐवजी १५२ पाउंड वजनात बसवलेलं, पॅकियाओवाली फाइट २००९ पासून नुसती चर्चेत, सहा वर्षं उशिरा झाली. पण हे बोलताना मलाच कळत होतं की मी आता वकिली करतोय. ठीक आहे, मेवेदरला मी दोन पायऱ्या वर घेतो. मॅकग्रेगर मात्र नाही, ज्यानी त्याआधी प्रोफेशनल बॉक्सिंगची एकही फाइट केली नव्हती त्याला हरवून पन्नासावा आकडा लावायचा, त्यावर काका म्हणाले ही नूरा, म्हणजे आधीच ठरवलेली कुस्ती, नाही पण नूराची मावसबहीण आहे.

क्लिच्कोचं मात्र वाईट वाटतं मला. व्लादिमीर साडेनऊ वर्षं हेवीवेटचा राजा होता, ओळीनी अठरा वेळा टायटल राखलं, आणि लोक म्हणतात समोर होतं कोण. अरे पण त्याच्या काळातला दुसरा सगळ्यात तगडा हेवीवेट त्याचा सख्खा भाऊ होता, आणि आईला शब्द दिलेला की एकमेकांशी लढणार नाही. आता यात त्यानी काय करावं? आपल्याकडे तर भावाभावांत प्लॉटवरून कोर्टात लढतात.

निघताना भाच्यानी युक्रेनच्या हेवीवेट उसिकचं विचारलं. मी म्हणलं त्याचं आत्ता नाही सांगता येत. ड्युबॉइसला त्यानी २०२३ मध्ये हरवलं, मग ड्युबॉइसनी २०२४ मध्ये जोशुआला वेम्बलीवर झोपवलं, तेव्हा कुठे तो आधीचा विजय वजनदार झाला, आणि २०२५ मध्ये उसिकनी त्याला परत हरवलं. फ्युरीला दोनदा हरवलंय, पण तो फ्युरी मूर होता का लुई होता हे कळायला थांबावं लागेल.

"किती थांबायचं?" भाच्यानी विचारलं.

काका गाडीवर मागे बसत म्हणाले, "मी देवासला हरलो होतो त्या पोराचं नाव व्हायला आठ वर्षं लागली. तोवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं."