निपल असताना हब का उघडायचा?

गाडीमागे ओढायचा ट्रेलर घेऊन वर्ष झालं की माणूस मला हमखास एक प्रश्न विचारतो. परवा तुम्हीही तोच विचारलात. "ॲक्सलच्या टोकाला ग्रीस निपल दिलंय ना? रबरी टोपी काढायची, गन लावायची, चार पंप मारायचे, झालं. मग तुम्ही दरवर्षी चाकं काढून हब का उघडत बसता?" तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी नीट सांगते.

हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला फिरता भाग, आणि निपल म्हणजे त्यात ग्रीस सोडायचं बारीक तोंड. ग्रीस भरायला मी हब उघडतच नाही. आत बघायला उघडते. उघडलाच आहे तर ग्रीसही नवं भरून होतं, एवढंच.

हे शहाणपण अर्थातच उशिरा आलं. पहिली दोन वर्षं मीही गनवालीच होते, तीही बॅटरीवर चालणारी गन. बटण दाबलं की ग्रीस सुटतंय, आणि जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी घेतली, असा माझा हिशोब. एका थंडगार सकाळी निघायच्या आधी उजव्या चाकाला गन लावली. बाहेरच्या बाजूने जुनं ग्रीस काही येईना, म्हणून आणखी दाबली. तरी येईना, म्हणून आणखी. दुसऱ्या दिवशी एका लांब उतारावर ब्रेक लावला की ट्रेलर डावीकडे खेचायला लागला. थांबून, चाक काढून बघते तर उजवा ब्रेक ड्रम आतून ग्रीसने माखलेला, त्यावर घासणारे ब्रेकचे लायनर निथळत होते. आणि ज्याच्यासाठी एवढं केलं ते बाहेरचं बेअरिंग? त्याच्यापर्यंत नवं ग्रीस पोचलंच नव्हतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ग्रीस प्यायलेले लायनर धुऊन पुन्हा वापरता येत नाहीत. ते बदलावेच लागले.

असं का झालं ते हबची रचना बघितली की कळतं. स्पिंडलवर, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या ॲक्सलच्या टोकावर, दोन बेअरिंगं असतात, आत मोठं आणि बाहेर लहान. आतल्याच्याही मागे एक रबरी ओठाचं सील, आणि त्याच्या पलीकडे लगेच ब्रेक. निपलमधून गेलेलं ग्रीस स्पिंडलमधल्या भोकातून थेट मागे जातं, सील आणि आतलं बेअरिंग यांच्या मध्ये बाहेर पडतं. तिथून त्याने आतल्या बेअरिंगमधून, मग हबच्या पोकळीतून, मग बाहेरच्या बेअरिंगमधून पुढे यावं अशी अपेक्षा असते. ती पोकळी चांगली मोठी असते. ती भरेपर्यंत पुढे काही दिसत नाही. ग्रीस थंडीने घट्ट झालेलं, चाक स्थिर, आणि गन जोरात चाललेली असेल तर त्याला सीलचा ओठ ढकलून मागे पळणं सोपं पडतं. निपल वापरायचंच असेल तर हातगन घ्या, चाक उचलून हाताने फिरवत राहा आणि सावकाश पंप मारा. ती सोय वाईट नाही. फक्त ती आंधळी आहे. आत काय चाललंय ते तिला दिसत नाही, आणि तुम्हालाही.

ट्रेलरच्या बाबतीत हे न दिसणं जास्त महागात पडतं. आजच्या मोटारीला बहुधा सीलबंद बेअरिंग असतं, ते बिघडलं की घुंघुं आवाज येतो, स्टिअरिंगला थरथर जाणवते. ट्रेलरमध्ये कोणी बसलेलं नसतं. त्याचं चाक रडत असलं तरी ते तुमच्या मागे दहा-पंधरा फुटांवर, खिडक्या बंद, गाणी चालू. बरं, भार काही थोडा नसतो. साडेतीन हजार पाउंड पेलणारा ॲक्सल म्हणजे एका चाकावर सुमारे ८०० किलो. नेहमीच्या १५ इंची रिमचा टायर किलोमीटरला साधारण ४६० वेळा फिरतो. ताशी ९० च्या वेगात मिनिटाला जवळपास ७०० फेरे.

आणि हा सगळा भार झेलणारी वस्तू मूळची घोडागाडीच्या जमान्यातली आहे! हेन्री टिमकेन हा अमेरिकेतला गाड्या बनवणारा कारागीर. वजनदार गाडी वळताना चाकावर आडवा जोर येतो, साधं बेअरिंग तो झेलू शकत नाही, ही त्याची अडचण. त्यावर निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट १८९८ मध्ये निघालं. रोलर तिरपे बसवल्यामुळे ते उभा भारही पेलतात आणि आडवाही. दोन ॲक्सलचा ट्रेलर जागेवर वळवताना टायर कसे फरफटतात ते आठवा. तो सगळा आडवा जोर याच रोलरांवर जातो.

आता उघडल्यावर मी काय बघते ते सांगते, कारण खरी मजा तिथे आहे.

आधी जुनं ग्रीस, पुसून टाकायच्या आत. चिमटीत घेऊन चोळायचं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, म्हणजे सील गेलं. काळं पडून जळका वास येत असेल तर बेअरिंग तापलं होतं. बोटांवर चांदीसारखी चमक उरली तर ते धातूचं पीठ आहे, आणि मग कुठून झिजलं ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. गनने नवं ग्रीस मारलं की हा सगळा पुरावा आतल्या आत मिसळून जातो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण हबच्या बाबतीत नाही.

मग बेअरिंग रॉकेलमध्ये स्वच्छ धुऊन, धागे न सुटणाऱ्या फडक्याने कोरडं करायचं. हवेच्या नळीने गरगर फिरवून वाळवायचा मोह होतो, आवाजही झकास येतो, पण कोरडं बेअरिंग तसं फिरवलं तर पृष्ठभाग ओरखडतो, आणि रोलर धरून ठेवणारा पिंजरा सुटून रोलर गोळीसारखा उडू शकतो. धुतल्यावर एकेक रोलर उजेडात फिरवून बघायचा. निळसर किंवा तपकिरी झाक म्हणजे उष्णता. पापुद्रा सुटल्यासारखे खड्डे म्हणजे धातू थकला. हबमध्ये ठोकून बसवलेल्या रेसवरून, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या कड्यावरून, नख ओढायचं. नख कुठे अडलं तर ती रेस गेली. कधी रेसवर रोलरांच्याच अंतराने सारख्या आडव्या रेघा दिसतात. ट्रेलर महिनोन्महिने एकाच जागी उभा राहिला, ओल धरली, की रोलर टेकलेल्या रेघेवरच गंज बसतो. म्हणून "यंदा आम्ही फिरलोच नाही, मग कशाला उघडू?" हे मला पटत नाही. ॲक्सल बनवणारे सहसा १२ महिने किंवा १२,००० मैल, म्हणजे सुमारे १९,००० किलोमीटर, यातलं जे आधी येईल ते सांगतात. त्यातले १२ महिने याचसाठी.

रोलर आणि रेस बदलायची तर जोडीने. आणि जी परत लावायची ती ज्याची त्याला. मी प्रत्येक चाकाला वेगळा डबा ठेवते, झाकणावर चाकाचं नाव. सील मात्र दर वेळी नवंच, कारण ते काढतानाच वाकतं. नवं सील सपाट लाकडी ठोकळा ठेवून सगळीकडून सारखं ठोकत बसवायचं.

ब्रेकही तेव्हाच उघडा असतो. लायनर किती उरलेत, विजेच्या ब्रेकचा चुंबक किती घासलाय, वायर कुठे सोललीय, हे दोन मिनिटांत दिसतं.

ग्रीस कुठलं, यावर लोक तासभर वाद घालतात. मी घट्टपणात दोन नंबरचं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस, चाकाच्या बेअरिंगसाठी असलेलं, वापरते आणि तेच वापरत राहते. ग्रीस म्हणजे घट्ट करणाऱ्या साबणात धरून ठेवलेलं तेल. दोन वेगळ्या जातीचे साबण एकमेकांशी जमले नाहीत तर मिश्रण पातळ होऊन तेल वाहून जातं. डब्यातल्या रंगावरून जात ओळखता येत नाही, तो नुसता रंग असतो. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं, वरच्या बाजूने रोलरांमधून ग्रीसच्या अळ्या निघेपर्यंत. हे काम मला आवडतं, का ते विचारू नका.

परत बसवताना सगळ्यात जास्त चुका नट आवळताना होतात. घट्ट म्हणजे पक्कं, अशी आपल्या हाताची समजूत असते. इथे उलट. हब हाताने फिरवत नट आधी सुमारे ५० फूट-पाउंडांपर्यंत, म्हणजे ६८ न्यूटन-मीटर, आवळायचा, म्हणजे सगळं जागच्या जागी बसतं. मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करायचा आणि पुन्हा नुसत्या बोटांनी टेकवायचा. नट फिरू नये म्हणून घालायच्या कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर किंचित सैलकडे न्यायचं, घट्टकडे नाही. टायर वर-खाली धरून हलवलं तर जेमतेम जाणवेल इतका प्ले, म्हणजे मोकळेपणा, हवा. पिन नवी. जुनी सरळ करून घातलेली पिन मी एकदा एकाच्या ट्रेलरवर पाहिली, आणि त्या दिवशी त्याच्यामागून गाडी चालवायला नकार दिला.

जॅक ॲक्सलच्या नळीला नाही, चौकटीला. चाकाचे नट पहिल्या १६, ४० आणि ८० किलोमीटरला पुन्हा तपासा.

रस्त्यावर मी थांबले की हात पाठमोरा करून चारही हबांजवळ नेते. सगळे सारखे कोमट असतील तर चहा. एकच वेगळा तापला असेल तर तो आधी. मात्र नुकताच उतार उतरला असाल तर ब्रेकचीही उष्णता त्यात असते, म्हणून हे सपाट रस्त्यावरच्या थांब्यावर करा.

आणि यंदा उघडलात की बेअरिंगच्या कडेवर आणि रेसवर कोरलेले नंबर लिहून घ्या. साडेतीन हजार पाउंडांच्या बऱ्याच ॲक्सलवर आत एल ६८१४९ आणि बाहेर एल ४४६४९ असतं, पण तुमचं तेच असेल असं धरून चालू नका. एक आतलं, एक बाहेरचं, दोन्ही रेस, एक सील आणि चार कॉटर पिना पिशवीत घालून ट्रेलरच्या खणात ठेवा. माझी पिशवी सहा वर्षं न उघडता पडून आहे.