गरम फरशी आणि जुलैतली गादी

बावधनच्या त्या फ्लॅटमधून बोलावणं आलं ते "मॅट नीट चालत नसावी" म्हणून. मुलाच्या खोलीत नव्या टाइल्सखाली विजेची हीटिंग मॅट, चौरस मीटरला 150 वॅट, एकूण 9 चौरस मीटर. म्हणजे 1350 वॅटचा भार. नातवाला डस्ट माइटची, म्हणजे गादी-धुळीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची, अ‍ॅलर्जी, आणि फरशी गरम ठेवली की माइट मरतात असं जर्मनीतल्या नातेवाइकांनी सांगितलेलं. आजी म्हणाल्या, "फरशी तापते हो, पण पोराच्या शिंका काही थांबत नाहीत."

मॅटमध्ये दोष नव्हता. केबलचा रोध लेबलवरच्या आकड्याशी जुळला, मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या यंत्रावर, इन्सुलेशन ठीक, वीज गळली तर पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी टेस्टचं बटण दाबताच पडला. फरशी 29 अंश, थर्मोस्टॅटवर लावली तेवढीच.

मग हवेतला दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर काढला. हे यंत्र आधी तपासून घ्यावं लागतं: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, ते ओलसर होईल एवढंच पाणी, यंत्रासकट घट्ट डब्यात रात्रभर. सकाळी 75 टक्के दाखवायला हवं. स्वस्तातली यंत्रं पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात, आणि इथे तेवढ्यावरच सगळं ठरतं.

जुलै महिना, खिडकी बोटभर उघडी, बाहेर 25 अंश आणि 85 टक्के आर्द्रता. तापवल्याने हवेतलं पाणी थेंबभरही कमी होत नाही, गरम हवेत जास्त पाणी मावतं म्हणून फक्त टक्केवारी उतरते. हीच हवा 29 अंशांवर नेली तर हिशेबाने 67 टक्के. माइटला पाणी प्यावं लागत नाही, ते हवेतूनच ओढून घेतात. त्यांना सुकवायचं तर आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली जावं लागतं, त्यासाठी हवा 34-35 अंशांपर्यंत न्यावी लागेल. युरोपच्या हिवाळ्यात बाहेरची 5 अंशांची, 80 टक्के आर्द्रतेची हवा घरात 21 वर आली की आपोआप 28 टक्के होते. श्रेय फरशीला मिळतं, काम बाहेरच्या कोरड्या थंडीचं. आपल्याकडे जुलैत 29 अंश म्हणजे उलट माइटच्या आवडीची ऊब. उष्णतेनेच मारायचं तर चादरी-अभ्रे 60 अंशांच्या पाण्यात धुवावे लागतात.

पण यंत्र 67 नव्हे, 78 दाखवत होतं. कारण दाराआड होतं. फरशी गरम, कपडे लवकर वाळतात, म्हणून वाळवणीचा स्टँड याच खोलीत आणलेला. मशीनमधून पिळून निघालेल्या एका घाण्यात दोन-अडीच लिटर पाणी सहज असतं, आणि ते सगळं खोलीच्या हवेत.

दुसरी गोष्ट गादी. कापसाची, थेट फरशीवर अंथरलेली. उचलून इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर खाली 37 अंश. सेन्सर उघड्या फरशीखाली, त्याला हे कळणारच नाही. झाकलेल्या जागी केबल अशी तापत राहिली की आयुष्य घटतं. शिवाय माइट राहतात वरच्या थरात, जिथे घाम आणि त्वचेची पापुद्री मिळते.

मॅट बंद करून, स्टँड हॉलमध्ये हलवून, गादी पलंगावर टाकून खोलीत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून टाकीत साठवणारं मशीन, लावला. 45 टक्क्यांवर, दार-खिडकी बंद. दुसऱ्या दिवशी फोन, "काहीच फरक नाही." टाकी 4 लिटरची, पहाटे कधीतरी भरली, फ्लोट वर आला, मशीन थांबलं. मागच्या तोंडाला नळी लावून ती बाथरूमच्या जाळीत सोडली. नळीला मध्ये चढ नको, नाहीतर पाणी परत टाकीत येतं. चौथ्या दिवशी गादीच्या आत खोचलेला हायग्रोमीटर 51 वर आला. कापूस हवेपेक्षा फार हळू सुकतो.

तेवढ्याने शिंका लगेच थांबत नाहीत. माइटला मरायला आठवडे लागतात, रोज काही तास दमटपणा मिळाला तरी ते तग धरतात, आणि अ‍ॅलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेची, जी मेल्यावरही गादीतच राहते. म्हणून चेनचं, बारीक विणीचं कव्हर, आणि व्हॅक्यूम वापरायचा तर अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा. कापूस पुन्हा पिंजायचा असेल तर गादीवाल्याच्या दुकानात. घरात पिंजला तर तो सगळा कचरा मुलाच्या नाकात.

मॅट उखडायला आजींनी साफ नकार दिला. डिसेंबरात सकाळी तासभर, 27 अंशांवर, त्यांच्या गुडघ्यांसाठी.